बिंदुसरेचे पक्षी स्टेटसवरच!

पालीच्या बिंदुसरा तलावावर हल्ली पोरं मोबाईल वर धरून उभी दिसतात. ‘मर्लिन’ अ‍ॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं आहे, फुकट आहे. चांगलंच आहे की! पण नाव कळलं, स्टेटस टाकलं, विषय संपला. तीच नोंद तारीख, ठिकाण, संख्येसह ‘ईबर्ड’वर गेली तर पुरावा होतो. उद्या तलावाकाठी एखादा प्रकल्प आला अन् अहवालात ‘विशेष पक्षी नाहीत’ असं लिहून आलं, तर दाखवणार काय? स्टेटस तर २४ तासांत उडतं. अ‍ॅप चुकतंही, म्हणून पक्षी डोळ्यांनी बघूनच नोंदवा. टिटवी, होला, सातभाई आपल्या गुराख्यांना आवाजावरून कधीचे ओळखू येतात. शाळांनी त्यांना सोबत घेऊन महिन्याला एक यादी तरी भरावी. गुरुजी, बघा जमतंय का.