टेक्निकल रायटिंग? आधी गिटार लावा!

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'कम्युनिकेशन स्किल्स' म्हणून जो प्रकार असतो ना, तो गिटारच्या क्लाससारखा शिकवावा असं माझं ठाम मत आहे. हसू नका, ऐका तर खरं.

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांत टेक्निकल रायटिंग आणि बिगिनर्स गिटार हे दोन्ही कोर्स एकाच कॅटलॉगमध्ये सापडतात. पहिला साधारण ३ क्रेडिटचा, दुसरा एखाद-दोन क्रेडिटचा. गिटारच्या वर्गात आधी ध्वनीची व्याख्या पाठ करायला लावत नाहीत. बोटं दुखतात, तार खरखरते, शेजारचा तोंड वाकडं करतो आणि तुम्ही बोट फ्रेटच्या जरा जवळ सरकवता. झालं शिक्षण! आपल्याकडे मात्र कम्युनिकेशनचे प्रकार, त्यातले अडथळे, आकृती काढा, ५ मार्क. पोराने लिहिलेलं एक पान दुसऱ्या कोणी वाचून, त्याबरहुकूम काही करून पाहिलं, असं वर्षभरात होत नाही. मग तोच पोरगा नोकरीला लागतो आणि बग रिपोर्टमध्ये लिहितो, 'नॉट वर्किंग'. बरं, काय वर्किंग नाही बाबा?

माझा पहिला असाइनमेंट ठरलेला आहे: गिटार लावायची कृती एका पानात लिहा. शेजाऱ्याने ती वाचून गिटार लावायची, तुम्ही तोंड उघडायचं नाही.

पहिल्याच ओळीत गाडी अडते. 'वरची तार' म्हणजे कुठली? मांडीवर गिटार घेतली की वर असते ती सगळ्यात जाड, खर्जातली. पण सुराने वरची म्हणाल तर ती सगळ्यात खाली! पुढे सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबा, तिच्या सुरात मोकळी पाचवी लावा. मग पाचवीवरून चौथी, चौथीवरून तिसरी, तसंच. पोरं इथे 'याप्रमाणे उरलेल्या तारा लावा' लिहून मोकळी होतात. पण तिसरीवरून दुसरी लावताना फ्रेट चौथा लागतो, पाचवा नाही. शेजारी बिचारा पाचवा धरून खुंटी पिळत बसतो... आणि तार तुटते.

गिटारची तार स्वस्त असते हो. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान कोसळलं, कल्पना चावलासह सातजण गेले. चौकशी मंडळाने फोमच्या तुकड्याबरोबर एका स्लाइडचाही समाचार घेतला. मथळा वाचून वाटावं की काळजीचं फारसं कारण नाही. चाचणीतला तुकडा ३ घन इंच आणि यानाला बसलेला अंदाजे १९२० घन इंच, ही गोष्ट पार तळाच्या ओळींत. म्हणजे पुन्हा तो चौथा फ्रेटच की!

आता कोणी म्हणेल, हल्ली एआय लिहून देतं. देतं की, छानच देतं. पण समोरचा कुठल्या तारेला 'वरची' म्हणतोय हे त्याला कोण सांगणार? साठ पोरांचे पेपर तपासायचे कोणी, हा प्रश्न जास्त खरा आहे. त्यावर माझं उत्तर सोपं आहे: तपासू नका. गिटार सुरात लागली की पास.

आणि कॉलेजात गिटार नसेल तर तंबोरा आणा. फक्त पेटी नको, ती आयती लावलेली येते.