पेटीतल्या माशांची रात्र

दिवाळीत घर उजळते, तशी दिवाणखान्यातली माशांची पेटीही उजळते. पाहुणे येतात, मुले त्यांना हाताला धरून पेटीपाशी नेतात, आणि पेटीवरचा दिवा मध्यरात्रीपर्यंत जळत राहतो. चार दिवस हे चालायचेच. पण भाऊबीज सरली तरी ही सवय सरत नाही. मग महिन्याभरात काचेवर हिरवा थर चढतो, पाणी पालकाच्या सारासारखे दिसू लागते आणि बोल लागतो तो बिचाऱ्या मासे विकणाऱ्याला!

शेवाळाला पाण्याखेरीज लागते खत आणि उजेड. खत आपणच पुरवतो. माशांची विष्ठा आणि मुलांनी हौसेने टाकलेले जादा खाणे कुजून पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट साठतात. राहिला उजेड. तो आवरणे तर बटणाइतके सोपे. दिवसाकाठी ८ तास दिवा पुरे. पेटीत पाणवनस्पती भरपूर असतील तर १०. पेटी खिडकीशी असेल तर तिच्यावर पडणारे ऊनही या हिशेबात धरावे. खरे म्हणजे तिथून ती हलवावीच. पूर्वीचे साधे बल्ब पाणी तापवीत, म्हणून त्यांची आठवण तरी राही. आताच्या एलईडी पट्ट्या थंडपणे जळत राहतात आणि कोणाच्या ध्यानातही येत नाहीत. विसराळू घरांनी वेळ लावून ठेवण्याचे टायमर-बटण घ्यावे.

आता माशांचे पाहा. आपल्या पेटीतल्या गप्पी, टेट्रा, गोल्डफिश यांपैकी कोणालाच पापण्या नाहीत. उजेड नको म्हणून डोळे मिटावेत, ही सोय त्यांना नाही. अंधार झाला की ते तळाशी किंवा झाडांच्या आडोशाला जवळजवळ निश्चल राहतात. हीच त्यांची झोप. निऑन टेट्राची झळाळती निळी रेघ रात्री फिकी पडते. ते पाहून घाबरू नये, सकाळी ती परत येते. अशा वेळी कोणी पाणी प्यायला उठले आणि फटकन पेटीचा दिवा लावला, तर मासे बिथरून काचेवर आदळतात. सकाळी आधी खोलीतला दिवा लावावा, पंधरा-वीस मिनिटांनी पेटीचा. रात्री पेटीचा आधी मालवावा. मात्र कायमचा अंधारही बरा नव्हे. उजेड मिळाला नाही तर गोल्डफिशचा केशरी रंग हळूहळू उडतो.

दिवा मालवला तरी हवेचा पंप मालवू नये, मग त्याच्या गुणगुणीने आजोबांची झोपमोड का होईना! दिवसा प्राणवायू देणारी झाडे आणि शेवाळ रात्री तोच प्राणवायू वापरतात. गच्च हिरव्या पेटीत पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात, ते भुकेने नव्हे.

पाणी हिरवे झालेच असेल, तर पेटी तीन-चार दिवस जाड काळ्या कापडाने पूर्ण झाकावी. पंप चालू आणि हवेला वाट ठेवावी. धडधाकट मोठ्या माशांना तेवढे दिवस खाण्यावाचून काही होत नाही. कापड काढल्यावर पाव हिस्सा पाणी लगेच बदलावे, कारण मेलेले शेवाळ कुजून पुन्हा खतच होते. नवे पाणी नळाचे असेल, तर त्यातला क्लोरीन घालवणारे औषध आधी त्यात टाकावे.