परत पाठवताय? मग तसं लिहून द्या!

मुळशीकर बंधू-भगिनींनो,

लावणीच्या दिवसांत कोळवण खोऱ्यात कुणाला घोणस चावली की गाडी पौडला, तिथून पिरंगुट, भूगाव, चांदणी चौक. एखाद्या कॅज्युअल्टीच्या दारात ऐकू येतं, "बेड नाही, पुढे न्या." नाहीतर, "आधी डिपॉझिट भरा." सगळं तोंडी. माणूस दगावला की आपण त्या दारात गेलो होतो, याचा चिठोरासुद्धा हाती नसतो. भांडण आहे ते या चिठोऱ्यासाठी.

दारात आलेल्या रुग्णाबाबत डॉक्टरची जबाबदारी न्यायालयाने केव्हाच सांगून ठेवली आहे. मे १९५३. पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. टॅक्सीने अकरा तासांचा प्रवास करून त्याला पुण्यात आणलं. ९ तारखेला पहाटे सव्वादोनला तो एका खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि त्याच रात्री नऊला गेला. पुरती भूल न देता जोर लावून पाय ओढला, त्या धक्क्याने मृत्यू झाला, असं न्यायालयांनी मानलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला १९६८ साली, भरपाई तीन हजार रुपये. रुग्ण घ्यायचा की नाही हे ठरवताना, उपचार निवडताना आणि प्रत्यक्ष करताना, तिन्ही वेळी डॉक्टरवर काळजीची जबाबदारी असते, हे 'जोशी विरुद्ध गोडबोले' खटल्याने सांगितलं. पण त्या मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. काय विचारायचं, हे त्यांना कळत होतं. आपल्या भातशेतकऱ्याने ते कुठून शिकावं?

रेल्वेतून पडलेल्या एका माणसाला बंगालमधल्या सरकारी रुग्णालयांनी एकामागून एक परत पाठवलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सरकारला २५ हजारांची भरपाई द्यायला लावली. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयाला तातडीच्या रुग्णाकडे डिपॉझिट मागताच येत नाही. तरी २०२५ च्या मार्चअखेर पुण्यात गर्भवतीकडे दहा लाख मागितल्याचा आरोप झाला, जुळ्यांना जन्म देऊन ती दुसऱ्या रुग्णालयात दगावली, आणि लोक रस्त्यावर उतरल्यावर आरोप असलेल्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत घेणार नाही असं जाहीर केलं. एवढं व्हावं लागतं?

प्रत्येक मृत्यू म्हणजे हलगर्जी नव्हे. रात्रपाळीत एकटा झटणारा डॉक्टर आम्ही पाहिलाय. त्याच्यावर हात उचलणारा आमचा नाही. त्यालाही उद्या कागदच वाचवेल.

म्हणून मागणी एकच. तालुक्यातल्या आणि चांदणी चौकापुढच्या प्रत्येक कॅज्युअल्टीने परत पाठवलेल्या रुग्णाच्या हाती सही-शिक्क्याची चिठ्ठी द्यावी : आल्याची वेळ, नाडी, बीपी, काय केलं, का पाठवलं, डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक.

भरती झालात तर केसपेपरची प्रत लेखी मागा. ७२ तासांत ती देणं बंधनकारक आहे. पैसे भरून घेतलेल्या उपचाराची तक्रार पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सरकारी मोफत उपचार मात्र ग्राहक कायद्यात बसत नाहीत, तिथे दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालय.

चिठ्ठी नाकारली तर गाडीतल्या एकाने दाराचा फोटो काढावा, वेळ आणि बोललेलं वाक्य मोबाईलमध्ये लिहून ठेवावं. रुग्णाला घेऊन वाद घालत थांबू नका. गाडी पुढे काढा.

आपले,
मुळशी तालुक्यातील नागरिक