नाव कोणाचे?

धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराईपासून बीडपर्यंत, अथवा परळी-अंबाजोगाईच्या बसस्थानकांसमोर जी लहान उपाहारगृहे दिसतात, त्यांच्या मालकांची खरी पुंजी गल्ल्यात नसून पाटीवरच्या नावात असते. वर्षानुवर्षे चांगला जिन्नस दिल्याने त्या नावाला मोल येते. हे मोल कायद्याच्या तराजूत किती भरते, हा प्रश्न पुण्यातील 'बर्गर किंग' खटल्याने उभा केला आहे.

अमेरिकेतील या नावाच्या बलाढ्य कंपनीने २०११ साली पुण्यातील त्याच नावाच्या उपाहारगृहाविरुद्ध दावा लावला. हे उपाहारगृह १९९२ च्या सुमारास सुरू झाले होते. कंपनीची भारतातील पहिली शाखा मात्र २०१४ साली उघडली. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अपिलात पुणेकरांना अंतरिम मनाई केली व डिसेंबरमध्ये ती कायम ठेवली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाई हुकमालाच स्थगिती दिली. एक पाटी उतरवायची की ठेवायची, याची लढाई अशी चौदा वर्षे चालली.

कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असे नव्हे. नावाची भारतातील नोंदणी आपण १९७९ मध्येच केली होती, असे तिचे म्हणणे आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ३४ आधीच्या वापरकर्त्याला संरक्षण देते खरे. परंतु त्याचा वापर प्रतिपक्षाचा वापर किंवा नोंदणी यांपैकी जे अगोदरचे, त्याच्याही आधीचा असावा लागतो. म्हणजे दुकान न उघडता केवळ नोंदवहीत नाव घालणारा प्रत्यक्ष कष्ट करणाऱ्यावर कुरघोडी करू शकतो. सलग पाच वर्षे न वापरलेले चिन्ह काढून टाकण्याची तरतूद कलम ४७ मध्ये आहे; पण त्यासाठी बाधित व्यक्तीनेच अर्ज करावा लागतो. महामार्गावरच्या हॉटेलवाल्याला हे सुचावे कसे आणि परवडावे कसे?

दुसरीकडे, परदेशातील कीर्ती येथे पोचल्याचा पुरावा असल्याखेरीज तिच्या आधारे येथील व्यावसायिकाला अडविता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 'टोयोटा' प्रकरणात २०१७ साली सांगितले आहे. हेच तत्त्व न्यायाला धरून आहे. नोंदणीला मान असावा. परंतु वापराविना पडून राहिलेल्या नोंदणीचे वजन वापराइतके धरले जाऊ नये. कायद्यात तशी स्पष्ट दुरुस्ती झाली पाहिजे.

तोवर लहान व्यावसायिकाने गाफील राहणे परवडणारे नाही. उच्च न्यायालयाने या खटल्यात दोन्ही पक्षांना दहा वर्षांचे हिशेब व कराचे कागद जपून ठेवण्यास सांगितले, ही गोष्ट बोलकी आहे. जुना परवाना, पावत्या, पाटीचे छायाचित्र हेच उद्याचे साक्षीदार. व्यक्ती वा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाने साडेचार हजार रुपयांत एका वर्गात नावनोंदणीचा अर्ज करता येतो. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते नाव नोंदविण्याची खटपट कोणीतरी केली म्हणूनच. व्यापारी संघटनांनी आणि गावच्या शिक्षक-कारकुनांनी असा अर्ज भरण्यास हात दिला, तर आयुष्यभराची कमाई एका नोटिशीने धुऊन जाणार नाही.