जुन्या टिलरचा ऐब

रोहा तालुक्यात भाताची खाचरे लहान आणि बांध उंच. मोठा ट्रॅक्टर रस्त्यालगतच्या शेतात उतरतो, आतल्या खाचरांपर्यंत पोहोचत नाही. बैलजोडी म्हणाल तर वीस-पंचवीस दिवसांच्या चिखलणीसाठी ती वर्षभर पोसणे आता परवडत नाही. घरातले तरुण कुवेत-दुबईला, नाहीतर धाटावच्या कारखान्यांत. मग शेत पडीक राहते, बांधावर झुडपे माजतात आणि दोन-तीन वर्षांत जमिनीचा दलाल दाराशी येतो. आमच्याही दाराशी तो येऊन गेला. अब्बांची जमीन विकायची नाही, असे आम्ही तिघा भावंडांनी ठरवले; पण नुसते ठरवून शेत नांगरले जात नाही.

व्याजाचे कर्ज काढायचे नव्हते, त्यामुळे नवा पॉवर टिलर आवाक्याबाहेर होता. सरकारी अनुदान नव्या यंत्राला मिळते आणि त्यासाठी तेव्हा आधी सोडतीत नाव लागावे लागत असे. म्हणून आम्ही तिघे आणि बांधाला बांध असलेले शेजारी अशा चार हिश्श्यांत जुना टिलर घ्यायचे ठरले.

जुन्या यंत्रांत दोन नावे ओळखीची: १९६७ साली सुरू झालेली बंगळूरची व्हीएसटी आणि १९७३ सालची केरळची कामको. पहिलीला मित्सुबिशीचे तंत्र, दुसरीला कुबोटाचे. रचना साधी. पुढे एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन, पट्ट्यांवरून गिअर बॉक्सला जाणारी ताकद आणि मागे माती उलथणारी फिरती पाती. ताकद बारा-तेरा अश्वशक्तीची. म्हणूनच तालुक्याच्या गावी चांगला मिस्त्री असेल तर वीस वर्षांचा टिलरही पुन्हा उभा राहतो.

घेताना मात्र डोळे उघडे हवेत. इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगावे. आपण पोहोचण्याआधीच ते तापवून ठेवले असेल तर काहीतरी झाकलेले आहे. सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंग-लायनरचा खर्च येणार. काळा धूर बहुधा नोझल किंवा एअर फिल्टरचा. तो दोष स्वस्तात निघतो. रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे आले तर हेड गॅसकेट पाहावे. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. बिलावरचा इंजिन नंबर यंत्रावरच्या नंबराशी ताडावा. बँकेचा बोजा आहे का आणि यंत्र अनुदानातले असेल तर विक्रीला मुदतीची अट आहे का, हेही विचारावे.

आम्हाला टिलर मिळाला तो पेण तालुक्यातल्या एका वयस्क शेतकऱ्याकडे. आम्ही काही विचारण्याआधी ते म्हणाले, "मास्तर, इंजिनाला काही झालेलं नाही. पण उजव्या चाकाचं सील गळतं. ते बदलल्याशिवाय चिखलात घालू नका, गिअर बॉक्समध्ये पाणी जाईल." आणि सांगितलेल्या किमतीतून त्यांनी स्वतःच तीन हजार रुपये कमी केले.

ऐब लपवून माल विकणे आपल्या शरीअतला मंजूर नाही. लपवलेला ऐब नंतर उघडकीस आला तर माल परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. फिकहच्या किताबांत त्याला 'खियारुल-ऐब' म्हणतात. मदरशात हा धडा शिकवला जातो. तो शेतकरी मदरशात गेला नव्हता, मुसलमानही नव्हता. पण जुन्या गाड्या, म्हशी, घरे विकताना आपल्यातले किती जण त्याच्यासारखे आधी तोंड उघडतात?

दुरुस्ती रोह्यातच झाली. दोन्ही चाकांची सीले, तिन्ही पट्टे, गिअर ऑइल, झिजलेली पाती एवढे बदलले. चिखलणीसाठी लोखंडी जाळीची चाके जुनीच मिळाली, ती वेल्डिंग करून घेतली. मृगाच्या पावसानंतर दोन वर्षे पडीक असलेली खाचरे चिखलली गेली. अल्हम्दुलिल्लाह.

चालवणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. सपाटीवर डावा स्टिअरिंग क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. तीव्र उतारावर तोच क्लच दाबला तर सुटलेले डावे चाक पुढे घरंगळते आणि यंत्र उजवीकडे जाते. म्हणून उतारावर गती अगदी कमी ठेवावी आणि क्लचऐवजी दांड्या रेटून वळवावे. मागे घेताना पाती बंदच हवीत आणि मुले लांब.

हिश्श्याच्या वस्तूवरून घरे तुटतात, हेही आम्ही पाहिले आहे. त्यासाठी भाभींनी एक वही घातली आहे. कोणी किती तास चालवला, डिझेल कोणी भरले, ऑइल कधी बदलले, काय बिघडले, सगळे तारखेनिशी. शेजारच्या वहिनीही त्याच वहीत लिहितात. पाळी चिठ्ठी टाकून ठरते आणि ज्याच्या हातून काही मोडेल त्याने त्याच दिवशी लिहायचे, असा नियम आहे. पुढे कधी हा टिलर विकायची वेळ आली तर किंमत ठरवण्याआधी ही वही घेणाऱ्यापुढे ठेवायची, हेही पहिल्याच पानावर चौघांच्या सह्यांनिशी लिहिले आहे.