बहाव्याची सावली

आमच्या घरातला गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा मतभेद गुलाबावरून झाला, असे सांगितले तर पुष्कळांना हसू येईल. पण हातभर अंगणात ज्यांनी बाग मांडली आहे, ते हसणार नाहीत.

पुण्यातल्या आमच्या घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीलगत एक बहावा आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्त झाले त्या पावसाळ्यात तो लावला. शेजारी गुलमोहराची भलावण करीत होते. तो झपाट्याने वाढतो म्हणून. अण्णा म्हणाले, "तो मादागास्करचा पाहुणा. मुळं वर येतात, वाऱ्यात फांद्या मोडतात. आपल्याला घरचा माणूस हवा." बहाव्याने घरच्या माणसासारखाच सावकाश वेळ घेतला. पहिले पिवळे घोस लागले त्या वैशाखात अण्णा नव्हते. तेव्हापासून आई दर वर्षी पहिला घोस त्यांच्या तसबिरीपुढे ठेवते. बोलत काही नाही.

सौ.ला थंडीतही बागेत रंग हवा होता आणि तिचे म्हणणे रास्त होते. पांगारा, बहावा, ताम्हण ही सारी मंडळी रंगतात ती फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत. पावसाळा सरताना पारिजातक सडा घालतो, दिवाळीच्या सुमारास बुचाची फुले पडतात. पुढे मार्गशीर्ष-पौषात अंगण कोरे. ती जागा गुलाबाची. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की छाटणी करावी, दीड-दोन महिन्यांत फुले घ्यावीत. तिने सहा कलमे आणली : चार तांबडी 'ग्लॅडिएटर' आणि दोन 'पीस'. या 'पीस'चे पुराण मीच कौतुकाने सांगितले. फ्रान्समधल्या मेयाँ यांचे हे फूल. १९४५ साली युरोपातले महायुद्ध संपता संपता त्याला शांततेचे नाव मिळाले. आमच्या घरात मात्र त्याने युद्ध सुरू केले.

तीन हिवाळे नुसती पाने! शेणखत झाले, निंबोळी पेंड झाली. माळी पाण्याला दोष देई, मी माळ्याला. पानगळीच्या झाडाखाली थंडीत ऊन मिळते, असे मी कोठेतरी वाचले होते. पण ती झाडे थंड मुलखातली. आमचा बहावा पाने टाकतो उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि डिसेंबरात त्याची छत्री भरगच्च असते.

एका रविवारी भर दुपारी टेप घेऊन मी सावली मोजली. डिसेंबरअखेर पुण्यात दुपारचा सूर्यही दक्षिणेकडे कलून जेमतेम ४८ अंशांवर असतो. २० फुटी झाडाची सावली तेव्हा उत्तरेला १८ फूट पडते. मेच्या मध्यावर तीच सावली बुंध्यापाशी गोळा होऊन बसते. गुलाबाला रोज निदान पाच-सहा तास ऊन हवे, आणि सहाही कलमे नेमकी त्या १८ फुटांत!

"मग झाड तरी उतरवा," सौ. म्हणाली. मी लगेच १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याचा आडोसा घेतला. परवानगी लागते, अर्ज करावा लागतो, वगैरे. "कायदा मला सांगू नका. आईंना विचारायचं धैर्य नाही, असं म्हणा," ती म्हणाली. धैर्य नव्हतेच. पंधरा दिवस आम्ही दोघे स्वयंपाकघरात कुजबुजत होतो आणि आईला कमी ऐकू येते अशा समजात होतो.

एके सकाळी ती पायरीवर शेंगा सोलीत बसली होती. म्हणाली, "अरे, तुझी स्कूटर तिकडे पूर्वेच्या उन्हात कशाला उभी असते? तिला फुलं येणार आहेत का?"

वर्गात मी मुलांना अन्योक्ती शिकवतो. घरात ती मला समजावून घ्यावी लागली.

त्या ऑक्टोबरात छाटणी करून, मुळांशी मातीचा गड्डा राखून सहाही कलमे पूर्वेच्या पट्टीत हलवली. चार जगली, गेलेल्या दोघांत एक 'पीस' होते. स्कूटर बहाव्याखाली आली. मे महिन्यात पाकळ्यांनी पिवळी होते. पक्ष्यांच्या कृपेचे वर्णन या पानावर नको.

पौषात पहिले तांबडे फूल आले. सौ.ने ते काही न बोलता आईपुढे धरले. आईने वळून तिच्याच अंबाड्यात खोवले. "तसबिरीला वैशाख आहे," म्हणाली.

यंदाची छाटणी दसऱ्यानंतर उरकली. डोळे तांबूस फुटू लागले आहेत. उरलेल्या 'पीस'ला पानांवर काळे ठिपके दिसतात. माळ्याला बोलावले आहे, अजून आलेला नाही.