दाखला घराला हवा, चटईक्षेत्राला नव्हे

राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियमावलीने हरित इमारतींना बक्षीस ठेवले आहे. ‘ग्रिहा’ किंवा ‘आयजीबीसी’ या संस्थांचा मानांकनाचा दाखला मिळाला, की दर्जाप्रमाणे ३, ५ किंवा ७ टक्के जादा चटईक्षेत्र मिळते. बिल्डरला याचा मोह पडणारच. पण मालवणात माडांच्या वाडीत स्वतःपुरते घर बांधणाऱ्या कुटुंबाला जादा चटईक्षेत्र नकोच असते. मग दाखल्याचा खर्च आणि खटाटोप त्याने का करावा, याचे उत्तर या बक्षिसात नाही.

या उणिवेची किंमत तिथली नवी घरे मोजत आहेत. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, उतरती कौले, पडवी आणि खळे ही रचना वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि दमट उकाडा ओळखून घडली होती. पागोळ्या भिंतीपासून दूर पडत, ऊन पडवीतच अडे, गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाई. तिच्या जागी सपाट स्लॅब आला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खोलीत सोडतो, म्हणून एसी लागतो. खाऱ्या हवेने सळया गंजतात. गळती सुरू झाली की स्लॅबवर पत्र्याची शेड चढते. म्हणजे उतरते छप्पर शेवटी परत येतेच, फक्त दुसऱ्यांदा खर्च करून.

मग जुन्यासारखेच बांधावे, दाखला कशाला, असे कुणी म्हणेल. पण जुने ते सगळेच हिरवे किंवा टिकाऊ नाही. चिरेखाणींनी कातळसडे पोखरले, माकडे कौले फोडतात, मे २०२१ च्या तौक्ते वादळात छपरे उडाली. म्हणूनच मोजमाप हवे: पाडलेल्या घराचा चिरा पुन्हा वापरला का, छप्पर वाऱ्याला टिकेल असे जखडले का, शोषखड्डा बावीपासून पुरेसा लांब आहे का. पर्यटनाच्या गावात ‘इको’ची पाटी कुणीही लावू शकतो, तपासून दिलेला दाखलाच खरे-खोटे निवडतो. लहान बांधकामांसाठी ‘स्वग्रिहा’ ही मानांकनाची सोपी पद्धत आहेच. तिला घरपट्टीतील सवलतीची जोड द्यावी. पिंपरी-चिंचवड महापालिकेने मानांकित इमारतींसाठी करसवलतीची वाट दाखवली आहे. लहान नगरपरिषदेचे आणि ग्रामपंचायतीचे उत्पन्न घटेल ही भीती रास्त आहे, म्हणून ती तूट राज्याने भरावी. अधिक बांधणाऱ्याला बक्षीस देणारे शासन, बेताने आणि नीट बांधणाऱ्यालाही काही देणे लागते.